किरणोत्सर्ग सुरक्षा: एक विषय, अनेक संस्था

प्रस्तावना

किरणोत्सर्गापासून माणसाचे संरक्षण हा विषय एकच, पण तो सांभाळणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. त्यांतल्या महत्त्वाच्या भारतीय संस्था तर मुंबईत, तुर्भे आणि अणुशक्तीनगरच्या परिसरात, एकमेकींच्या शेजारीच वाढल्या. त्यांच्या नावांत तेच दोन-चार शब्द उलटसुलट येतात, सभासदांच्या याद्या एकमेकींत मिसळतात आणि एकीचे निवृत्त अधिकारी दुसरीच्या व्यासपीठावर दिसतात. त्यामुळे बाहेरच्या माणसाला हे सगळे एकच खाते वाटते. प्रत्यक्षात त्यांतली एक संस्था यंत्राला टाळे लावू शकते. दुसरी फक्त शिफारस करते, तिसरी परिषद भरवते आणि नियतकालिक काढते, तर चौथी मोजमाप बरोबर आहे की नाही एवढेच सांगते. संस्थेचे वेगळेपण ओळखायचे तर तिच्या नावावर जाऊ नये. तिच्यावर माणसे कोण नेमतो, खर्च कोण देतो आणि तिचे म्हणणे न ऐकल्यास काय होते, हे पाहावे.

हा फरक केवळ तज्ज्ञांपुरता नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात पुसेगाव आहे (साताऱ्याकडचे, सेवागिरी महाराजांच्या यात्रेचे पुसेगाव वेगळे). तिथल्या माणसाचा या विषयाशी संबंध येण्याच्या तीन वाटा आहेत. हाड मोडले की हिंगोलीला जाऊन एक्स-रे काढावा लागतो. वस्तीलगत मोबाइलचा टॉवर उभा राहिला की त्याच्या रेडिएशनची चर्चा पारावर सुरू होते. तिसरी वाट याच जिल्ह्यातली आणि नवी आहे: औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होत आहे आणि तिचा प्राण म्हणजे एक शक्तिशाली लेसर. तिन्ही ठिकाणी बोलण्यात शब्द एकच येतो, रेडिएशन. पण एक्स-रेची तक्रार ज्या कचेरीत चालते तिथे टॉवरचा अर्ज चालत नाही आणि लेसरचा प्रश्न त्या दोन्हींत बसत नाही. असे का, याचे उत्तर या संस्थांच्या जन्मकथेत आहे.

रॉन्टगेनने ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या वुर्झबर्ग येथे क्ष-किरण पाहिले आणि पुढच्या काही महिन्यांतच ते डॉक्टरांच्या हाती गेले. हाती गेले हे अक्षरशः खरे आहे. नळीतून किरण नीट येतात का, हे पाहायला तंत्रज्ञ स्वतःचाच पंजा नळीसमोर धरत. कातडी भाजणे, बोटे झडणे आणि पुढे कर्करोग अशी किंमत पहिल्या पिढीने मोजली. ब्रिटनमध्ये १९२१ साली क्ष-किरण व रेडियम संरक्षण समिती स्थापन झाली, ती या अनुभवातून. पण संरक्षण करायचे म्हणजे नेमके किती किरणांपासून? मात्रा मोजण्याचे सर्वमान्य एककच तेव्हा नव्हते. कोणी कातडी किती लाल झाली यावरून अंदाज बांधत असे, तर कोणी रसायनाच्या बदलत्या रंगावरून.

म्हणून क्ष-किरणशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने आधी मोजमापाची समिती नेमली आणि संरक्षणाची नंतर. १९२५ साली लंडनला भरलेल्या पहिल्या परिषदेत एककांची समिती झाली, तीच आजची आयसीआरयू. १९२८ साली स्टॉकहोमच्या दुसऱ्या परिषदेत ‘रॉन्टगेन’ हे एकक मान्य झाले आणि तिथेच संरक्षणाची दुसरी समिती स्थापन झाली. स्वीडनचे रॉल्फ सीव्हर्ट आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतले जॉर्ज के हे तिच्यातले प्रमुख. १९५० साली या समितीची फेररचना होऊन तिला आजचे नाव मिळाले: आयसीआरपी, म्हणजे किरणोत्सर्ग संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय आयोग. एका व्यावसायिक संघटनेच्या पोटी तीन वर्षांच्या अंतराने झालेल्या या दोन बहिणी पहिल्यापासून वेगळ्या स्वभावाच्या आहेत. ‘किती’ हे आयसीआरयू सांगते आणि ‘किती चालेल’ हे आयसीआरपी सांगते. पहिल्या प्रश्नाला भौतिकशास्त्र पुरते. दुसऱ्यात जीवशास्त्र येते, आकडेवारी येते आणि समाजाने किती धोका पत्करावा हा मूल्यांचा प्रश्नही येतो. वजनमापे तपासणाऱ्याने मालाचा भाव ठरवू नये, तसेच हे आहे.

एककांकडे पाहिले तरी ही विभागणी दिसते. पदार्थाच्या एक किलो वस्तुमानात एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की ती मात्रा एक ग्रे. हे शुद्ध मोजमाप आहे. त्या ऊर्जेने शरीराचे किती नुकसान संभवते, हे किरणांच्या प्रकारावर आणि अवयवावर अवलंबून असते. तेवढ्याच ग्रेचे अल्फा कण गॅमा किरणांपेक्षा कितीतरी जास्त घातक असतात. हा भार लावून निघते ते सीव्हर्ट. ग्रे उपकरणाने मोजता येतो. सीव्हर्टमध्ये मात्र समितीचा निर्णय मिसळलेला असतो, कारण कोणत्या अवयवाला किती भार द्यायचा हे आयसीआरपी ठरवते आणि नवा पुरावा आला की बदलतेही. १९७७, १९९० आणि २००७ अशा तिच्या तीन मोठ्या शिफारशी झाल्या आणि त्यांत हे भार बदलत गेले.

आयसीआरपीच्या अधिकाराबद्दल मोठा गैरसमज आहे. तिच्यामागे कोणताही आंतरराष्ट्रीय करार नाही, तिच्याकडे निरीक्षक नाहीत आणि ती दंड करू शकत नाही. कायद्याच्या दृष्टीने ती ब्रिटनमध्ये नोंदलेली एक धर्मादाय संस्था आहे. तिचे सदस्य देशांचे प्रतिनिधी म्हणून येत नाहीत, आयोगच त्यांना त्यांच्या विद्वत्तेवर निवडतो. तरीही जगातल्या जवळपास प्रत्येक देशाच्या नियमावलीचा सांगाडा तिचाच आहे. तो तीन तत्त्वांवर उभा आहे. किरणोत्सर्गाचा वापर फायद्याचा असेल तरच करावा, करायचाच तर मात्रा शक्य तितकी कमी ठेवावी आणि कोणत्याही एका माणसाला ठरल्या मर्यादेपलीकडे जाऊ देऊ नये. तिच्या अलीकडे-पलीकडे आणखी दोन संस्था आहेत. संयुक्त राष्ट्रांची १९५५ साली स्थापन झालेली वैज्ञानिक समिती, अन्स्कियर, केवळ पुराव्याची छाननी करते आणि काय करावे ते सांगत नाही. व्हिएन्नाची आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था शिफारशींचे मानकांत रूपांतर करते. कायदा मात्र शेवटी ज्या त्या देशातच होतो.

हा शेवटचा टप्पा नुसत्या नकलेचा नसतो. किरणोत्सर्गाच्या क्षेत्रात काम करणाऱ्यासाठी आयसीआरपीने वर्षाला सरासरी २० मिलिसीव्हर्ट ही मर्यादा सुचवली. ही सरासरी पाच वर्षांची धरायची आणि कोणत्याही एका वर्षी ५० ओलांडायचे नाहीत. भारताच्या अणुऊर्जा नियामक मंडळाने पाच वर्षांची सरासरी तीच ठेवली, पण एका वर्षाची कमाल ३० वर आणली. सामान्य नागरिकासाठी वर्षाला १ मिलिसीव्हर्ट दोघांनाही मान्य आहे. एप्रिल २०११ मध्ये आयसीआरपीने डोळ्याच्या भिंगासाठीची जुनी १५० मिलिसीव्हर्टची मर्यादा थेट २० च्या सरासरीवर उतरवली. मोतीबिंदू पूर्वी समजत होते त्यापेक्षा कमी मात्रेनेही होतो, असा पुरावा पुढे आला होता. शिफारस जाहीर झाली त्याच दिवशी कोणत्याही देशातला कायदा बदलला नाही. प्रत्येक नियामकाने ती आपापल्या वेळी आणि आपापल्या पद्धतीने विचारात घेतली.

आतापर्यंतच्या संस्था नेमलेल्या किंवा निवडलेल्या मोजक्या लोकांच्या आहेत. दुसरी जात वर्गणी भरणाऱ्या सभासदांच्या संघांची. दुसऱ्या महायुद्धानंतर अणुभट्ट्या वाढल्या आणि ‘हेल्थ फिजिक्स’ हा पूर्णवेळ व्यवसाय झाला. अमेरिकेत १९५६ साली या व्यावसायिकांचा संघ निघाला. पुढे देशोदेशीच्या अशा संघांची मिळून इर्पा ही जागतिक संघटना झाली आणि तिचे पहिले अधिवेशन १९६६ साली रोमला भरले. आयसीआरपी आणि इर्पा ही नावे सारखी वाटतात, पण आयसीआरपीचे मोजके सदस्य आयोगच निवडतो. इर्पात मात्र राष्ट्रीय संघाच्या दारातून कोणताही पात्र व्यावसायिक येतो. नियम कागदावर उतरले की ते दवाखान्यात, खाणीत आणि भट्टीत कसे पाळायचे, कुठे अडते आणि कुठे ते निरर्थक ठरतात, ही कुजबुज संघातच ऐकू येते. ती आयोगापर्यंत पोहोचते तेव्हा पुढच्या शिफारशी सुधारतात.

समिती आणि सभासदांचा संघ ही जोडी इतर शास्त्रांतही आढळते. अमेरिकन केमिकल सोसायटी या रसायनशास्त्रज्ञांच्या विशाल संस्थेत सुरक्षेची अशी दोन घरे एकाच छपराखाली आहेत. रासायनिक सुरक्षा समितीवर सोसायटीचे पदाधिकारी सदस्य नेमतात. ही समिती सोसायटीच्या वतीने बोलते आणि महाविद्यालयीन प्रयोगशाळांसाठीची सुरक्षा-पुस्तिका तिच्याच नावावर आहे. रासायनिक आरोग्य व सुरक्षा विभागात मात्र रस असलेला कोणीही सभासद वर्गणी भरून येतो. तो विभाग अधिवेशनांत निबंधांची सत्रे लावतो, कार्यशाळा घेतो आणि आपले पदाधिकारी आपणच निवडतो. एकाच माणसाचे नाव दोन्हीकडे असू शकते, पण त्याच्या बोलण्याचे वजन तो कोणत्या खुर्चीवर बसला आहे त्यावर ठरते.

भारतात या सगळ्याची सुरुवात तुर्भ्याला झाली. १९५४ साली तिथे अणुऊर्जा आस्थापना उभी राहिली आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही भट्टी सुरू झाली. भट्टीबरोबरच तिच्याभोवती काम करणाऱ्यांच्या मात्रा मोजणारा विभागही वाढला. डॉ. अ. क. गांगुली हे या क्षेत्रातले भारतातले आद्य नाव. १९६८ साली इंडियन असोसिएशन फॉर रेडिएशन प्रोटेक्शन, थोडक्यात आयएआरपी, स्थापन झाली आणि गांगुलींच्या नावाचा पुरस्कार ती देते. इर्पाच्या कुटुंबातली ही भारतीय शाखा आहे. अणुवीज केंद्रे, युरेनियमच्या खाणी, घरांतला रेडॉन वायू, केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूतला नैसर्गिक किरणोत्सर्ग असे पर्यावरणाला टेकलेले विषय तिच्या नियतकालिकात प्रामुख्याने येतात.

दुसरा प्रवाह रुग्णालयांतला. मुंबईच्या परळ भागात २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. मेरी क्युरी यांच्या प्रयोगशाळेत काम केलेले रामय्या नायडू तिथे रेडियम आणि रेडॉनने होणाऱ्या उपचारांची भौतिक बाजू सांभाळत. वैद्यकीय भौतिकशास्त्र हा पेशा भारतात त्यांच्यापासून मोजला जातो. १९६२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने तुर्भ्याला एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुरू झाला आणि त्यातून बाहेर पडलेली माणसे देशभरच्या कर्करोग रुग्णालयांत गेली. त्यांची संघटना १९७६ साली झाली: असोसिएशन ऑफ मेडिकल फिजिसिस्ट्स ऑफ इंडिया, म्हणजे एएमपीआय.

आयएआरपी आणि एएमपीआय यांतला फरक हा या पुस्तकातल्या सगळ्या फरकांत सर्वांत बारीक आणि सर्वांत उद्बोधक आहे. दोघींचे सभासद एकाच अभ्यासक्रमात घडलेले, हातातली उपकरणे तीच, बोलीही तीच. पण एकीच्या दृष्टीने किरणोत्सर्ग ही रोखायची गोष्ट आहे, तर दुसरीच्या दृष्टीने ते द्यायचे औषध आहे. कर्करोगाच्या रुग्णाला गाठीच्या जागी रोज २ ग्रे याप्रमाणे तीस बैठकांत ६० ग्रे देण्याचे ठरले, तर तिथे ‘शक्य तितकी कमी मात्रा’ हे तत्त्व लावणे म्हणजे रुग्णाचा घात करणे होय. मात्रा पाच-दहा टक्क्यांनी कमी पडली तर गाठ उरते आणि तेवढीच जास्त झाली तर शेजारची आतडी किंवा मज्जारज्जू जळतो. म्हणून वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञाच्या लेखी कमी मात्रा हाही अपघातच. आयसीआरपीच्या मर्यादा रुग्णाला लागू होत नाहीत, त्या यंत्र चालवणाऱ्याला आणि भिंतीपलीकडे बसलेल्या नातेवाइकाला लागू होतात, याचे कारण हेच. भिंतीच्या आत एका तत्त्वाने आणि बाहेर दुसऱ्या तत्त्वाने काम चालते. रुग्णालयातल्या भौतिकशास्त्रज्ञाला दिवसभर ही भिंत ओलांडत राहावे लागते, आणि बहुधा त्यामुळेच कित्येक जण दोन्ही संघांची वर्गणी भरतात.

या संस्थांचे परस्परसंबंध एका लहानशा वस्तूत एकत्र पाहायला मिळतात. एक्स-रे विभागातल्या तंत्रज्ञाच्या छातीवर प्लॅस्टिकचा एक चपटा बिल्ला लावलेला असतो, त्याला सगळे टीएलडी बॅज म्हणतात. आत निकेलचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची पट्टी असते आणि तिच्यावर टेफ्लॉनच्या तीन चकत्या. चकत्यांत कॅल्शियम सल्फेटमध्ये डिस्प्रोसियम मिसळलेली भुकटी असते. एका चकतीवर धातूची गाळणी, दुसरीवर प्लॅस्टिकची आणि तिसरी उघडी. किरण पडले की त्यांच्या ऊर्जेचा अंश त्या स्फटिकांत अडकून बसतो. पुढे प्रयोगशाळेत चकत्या गरम केल्या की ती ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते आणि प्रकाश जितका जास्त तितकी मात्रा मोठी. तीन चकत्यांच्या आकड्यांतल्या फरकावरून किरण कोणत्या जातीचे आणि किती भेदक होते हेही कळते. बिल्ला शिशाच्या ॲप्रनच्या आत, छातीवरच लावायचा असतो. साधारण तीन महिन्यांनी तो बदलून मोजणीला पाठवतात.

या बिल्ल्याचे तंत्र भाभा अणुसंशोधन केंद्राचे. मोजणी मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळाही करतात, पण त्यांच्या मोजणीचा दर्जा केंद्राच्या मानकांशी ताडून पाहिला जातो. आकडा जमा होतो तो राष्ट्रीय नोंदवहीत, आणि नोकरी बदलली तरी त्या माणसाची आयुष्यभराची बेरीज तिथे पुढे चालू राहते. बिल्ला प्रत्येकाला देणे ही मालकाची जबाबदारी. तो रोज लावला जातो की नाही हे पाहणारा आरएसओ, म्हणजे किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी, त्याच दवाखान्याचा नोकर असतो, पण त्याची नेमणूक नियामक मंडळाच्या मान्यतेने होते. आकडा ठरावीक पातळीवर गेला की मंडळ चौकशी लावते. अशा चौकशीत कित्येकदा निघते ते असे की, तंत्रज्ञाने ॲप्रन काढून खुंटीला टांगला आणि त्याला लावलेला बिल्ला एक्स-रेच्या खोलीतच राहिला. किरण खाल्ले ते बिल्ल्याने, माणसाने नव्हे. अशी नोंद खरी धरायची की नाही हे ठरवण्याची पद्धत असते, आणि ती पद्धत योग्य आहे का यावर निबंध वाचले जातात ते आयएआरपीच्या परिषदेत. मोजणारा, सांभाळणारा, हुकूम देणारा आणि वाद घालणारा असे चौघे एका बिल्ल्याभोवती उभे असतात. त्यांच्यातल्या एकाने दुसऱ्याचे काम अंगावर घेतले की गडबड होते.

हुकूम देणारे मंडळ म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ, सर्वतोमुखी एईआरबी. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याच्या आधारे सरकारने ते १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन केले आणि आयआयटी मुंबईचे माजी संचालक प्रा. अ. कु. डे त्याचे पहिले अध्यक्ष झाले. त्याच्या कचेरीचे नाव नियामक भवन, पत्ता अणुशक्तीनगर. २००४ च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांनुसार मालक, परवानाधारक, सुरक्षा अधिकारी आणि कामगार अशा प्रत्येकाची कर्तव्ये वेगवेगळी लिहिलेली आहेत. सीटी स्कॅनला परवाना लागतो आणि साध्या एक्स-रे यंत्राला नोंदणी. ही कामे ‘ई-लोरा’ या संगणकीय व्यवस्थेतून होतात. किरणोत्सर्गी स्रोत वापरणाऱ्या रुग्णालयांसाठी आणि कारखान्यांसाठी मंडळाची एक समिती, चालू अणुवीज केंद्रांसाठी दुसरी, आणि बांधकामावस्थेतल्या प्रकल्पांसाठी तिसरी. म्हणजे नियामकाच्या पोटातही सुरक्षेचे पुन्हा वेगवेगळे गट आहेतच. पण ते वेगळे आहेत ते धोक्याच्या प्रकारामुळे. त्यांचा अधिकार एकाच उगमातून येतो.

मंडळाच्या स्वायत्ततेवर पहिली चार दशके टीका होत राहिली आणि ती बिनबुडाची नव्हती. मंडळ तेव्हा अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी होते, आयोगाचे अध्यक्ष हेच अणुऊर्जा विभागाचे सचिव आणि ज्यांच्यावर नजर ठेवायची त्या वीज केंद्रांचा कारभारही त्याच विभागाकडे. तपासणीसाठी लागणारे तज्ज्ञ आणि प्रयोगशाळाही बव्हंशी भाभा केंद्राच्या. २००० साली तर भाभा केंद्रातल्या भट्ट्या आणि प्रकल्प मंडळाच्या देखरेखीतून काढून केंद्राच्याच अंतर्गत सुरक्षा परिषदेकडे सोपवण्यात आले. गुप्ततेची कारणे असतील, पण परीक्षक आणि विद्यार्थी एकाच घरात आले हे नाकारता येत नाही. २०१२ साली नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगने, मंडळाला स्वतंत्र कायदेशीर दर्जा द्यावा असे अहवालात स्पष्ट लिहिले. नव्या प्राधिकरणाचे विधेयक त्याआधी २०११ मध्ये संसदेत आले होते, ते मंजूर न होताच संपले. या वादात आयएआरपी किंवा एएमपीआयला ओढणे मात्र चूक ठरेल. नियामक दुबळा असेल तर व्यावसायिक संघ ती उणीव भरून काढू शकत नाही, कारण त्याच्याकडे कागद मागण्याचाही अधिकार नाही.

अधिकार आणि ज्ञान यांच्या मधल्या फटीत काय घडते याचे उदाहरण एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात दिसले. दिल्ली विद्यापीठातले वर्षानुवर्षे पडून असलेले गॅमा किरणांचे एक संशोधन-उपकरण लिलावात भंगार म्हणून गेले. आतला कोबाल्ट-६० चा स्रोत बाजारात फोडला गेला. कित्येक जणांना इजा झाली आणि एक कामगार मरण पावला. त्या विद्यापीठात विज्ञान जाणणारी माणसे कमी नव्हती, आणि उपकरण विल्हेवाटीला काढण्याआधी नियामकाला कळवावे असा नियमही होता. नव्हता तो दोन्हींना जोडणारा दुवा, म्हणजे आपल्या आवारात कोणता स्रोत कुठे पडला आहे याची वही रोज उघडणारा जबाबदार सुरक्षा अधिकारी.

इथपर्यंतचे सगळे आयनीकारक किरणांचे झाले, म्हणजे अणूतला इलेक्ट्रॉन बाहेर फेकण्याइतकी ऊर्जा असलेल्या किरणांचे. क्ष-किरण आणि गॅमा किरण त्यांत मोडतात. रेडिओलहरी, अवरक्त किरण आणि दृश्य प्रकाश मोडत नाहीत. त्यांची इजा मुख्यतः तापण्याची असते आणि तिचे गणित निराळे. म्हणून इर्पाने १९७७ साली त्यांच्यासाठी आपल्यातच वेगळी समिती काढली आणि १९९२ साली ती स्वतंत्र आयोग झाली: आयसीएनआयआरपी. आयसीआरपीच्या नावात दोन अक्षरे घालून हे नाव तयार झाल्यासारखे दिसते, पण दोन आयोगांत ना समान अधिकारी आहेत ना समान एकके. मोबाइल टॉवरच्या मर्यादा या दुसऱ्या आयोगाच्या. ९०० मेगाहर्ट्झला दर चौरस मीटरला ४.५ वॅट ही त्याची शिफारस होती. १ सप्टेंबर २०१२ पासून भारताने तिच्या एक दशांश, म्हणजे ०.४५ वॅट, ही मर्यादा लागू केली. अंमलबजावणी दूरसंचार विभागाकडे आहे, एईआरबीकडे नाही. पुसेगावातून टॉवरविरुद्धचा अर्ज नियामक भवनात गेला तर तो तिथून फार तर योग्य जागी पाठवला जाईल.

लायगो-इंडियाचा लेसरही याच दुसऱ्या घरातला. फेब्रुवारी २०१६ मध्ये या प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी. पैसा प्रामुख्याने अणुऊर्जा विभागाचा असल्यामुळे तिथे किरणोत्सर्ग असणार असा समज होणे स्वाभाविक आहे. पण काटकोनात पसरलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्यांमधून जातो तो फक्त प्रकाश, १,०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त लेसर. गावाला त्याचा उपद्रव नाही, कारण तो नळीबाहेर पडत नाही. धोका आहे तो प्रयोगशाळेच्या आत, उपकरणे जुळवणाऱ्या अभियंत्यांना. अर्ध्या वॅटच्या वरचा अखंड लेसर चौथ्या, सर्वांत धोक्याच्या वर्गात बसतो आणि अमेरिकेतल्या लायगोच्या रचनेत तो शंभर वॅटच्याही वर जातो. ही तरंगलांबी डोळ्याला दिसत नाही, पण डोळ्याचे भिंग तिला दृष्टिपटलावर नेमके केंद्रित करते. पापणी मिटण्याची उपजत प्रतिक्रिया होत नाही, कारण चमक दिसतच नाही. बाहेरून आलेल्या माणसाला तिथला चष्मा म्हणूनच विचित्र वाटतो. न दिसणाऱ्या प्रकाशासाठी तो घालायचा असतो.

लेसरला छातीवरचा बिल्ला नाही, आयुष्यभराची बेरीज नाही आणि नोंदवही नाही. इजा झाली तर ती एका क्षणात होते, साठत जात नाही. त्यामुळे त्याची सुरक्षा मोजणीपेक्षा कुलपांवर उभी आहे: दार उघडताच किरण बंद करणारी साखळी, दारावरचा दिवा, त्या तरंगलांबीसाठीच बनवलेला चष्मा आणि प्रत्येक कामाची आधी लिहून मंजूर केलेली पद्धत. हे सगळे पाहणारा लेसर सुरक्षा अधिकारी संस्थेनेच नेमलेला असतो. एक्स-रे यंत्रासाठी एईआरबी आहे तसे लेसरच्या वापराला परवाना देणारे स्वतंत्र मंडळ भारतात नाही. पदाचे नाव आरएसओसारखे असले तरी लेसर सुरक्षा अधिकाऱ्याच्या मागे बाहेरचा नियामक उभा नसतो. त्याचा शब्द किती चालेल, हे त्याच्या संस्थेच्या संचालकावर आणि प्रयोगशाळेच्या शिस्तीवर अवलंबून राहते.